दुसऱ्या मुलीचं नाव

डोर्नक्लूफ
१४ ऑक्टोबर १९५१

गिडियन,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. स्वतःच्या आजीला टाइप करून पत्र पाठवणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. तुझ्या त्या वंशवृक्षात तेवढं नोंदवून ठेव.

एप्रिलमध्ये केप टाउनला गोऱ्या माणसाच्या येण्याला तीनशे वर्षं पुरी होणार, त्याची मिरवणूक निघणार, आणि 'मूळ घराण्यां'च्या बैलगाडीवर आपण ब्रेडेनहोफही बसणार, हे वाचलं. त्यासाठी घरातलं जुनं बायबल पाठव म्हणतोस. नाही पाठवणार. ते रोज संध्याकाळी वाचायला लागतं. बैलगाडीवर ठेवून दाखवायला ते काही बक्षीस मिळालेला मेंढा नाही.

तुम्हा सगळ्यांना हे काय वेड लागलंय? परवा चर्चनंतर लोहाराची बेट्टा सांगत होती, तिचा पूर्वज पहिल्या जहाजाचा कप्तान होता. टपालवाल्याचाही कप्तानच. पाद्रीबाईंचा तर कप्तानाच्या वरचा कोणी. मी म्हटलं, अगं बायांनो, सगळेच कप्तान होते तर शिडं कोण ओढत होतं आणि घमेली कोण धूत होतं? बेट्टाने तोंड फिरवलं. नदीचं मूळ आणि माणसाचं कूळ खोदत बसू नये, चिखलच वर येतो.

आता कामाचं. आपल्या नेट्टीला शाळेच्या वसतिगृहातून ट्रंकेसकट घरी पाठवलंय. कोणा मुलीच्या आईने तक्रार केली की ही पोरगी आमच्या मुलींच्या शेजारी झोपते आणि हिचा रंग बघा. रंग! तुझी बहीण सुझाना उन्हाळ्यात अशीच तांब्याच्या भांड्यासारखी व्हायची, विसरलास? मुख्याध्यापिका म्हणते, सरकारची नवी नोंदवही होते आहे, त्यात पोरगी गोरी की रंगीत, म्हणजे मिश्र रक्ताची, ते ठरून कागद येईपर्यंत शाळेत पाय ठेवायचा नाही. सोळा वर्षांची पोर. दोन वर्षांत शिक्षिका झाली असती.

तिची जन्मनोंद कचेरीत नाही. शेतावर जन्मलेल्या पोराची नोंद करायला दोन दिवस गाडी हाकत कोण जातं? बायबलात आहे ती माझ्या हातची. सुझाना बाळंतपणातच गेली, पुढे नातजावईही पवनचक्कीवरून पडून मेला. राहिलो मी आणि तू. तू सरकारी नोकरीत आहेस, मामा आहेस. ही माझ्या बहिणीची मुलगी, एवढं लिहून दे. तो कागद टाइप केलास तरी चालेल.

हेस्टर ब्रेडेनहोफ

•

केप टाउन
२९ ऑक्टोबर १९५१

आदरणीय आजी,

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. तुमची तब्येत चांगली आहे, हे पत्राच्या सुरावरूनच कळलं. इर्मा आणि मुलं तुम्हाला नमस्कार सांगतात.

वंशवृक्ष जवळजवळ पूर्ण झाला आहे. मूळ पुरुष हेन्ड्रिक ब्रेडेनहोफ, डच कंपनीचा शिपाई, १६९४ साली आला. पत्नी योहाना दे व्होस, चांगल्या घरातली डच मुलगी. तिथपासून माझ्यापर्यंत आठ पिढ्या, एकही दुवा तुटलेला नाही. इर्माचे वडील सोहळ्याच्या समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी हे पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी हस्तांदोलन केलं. इर्मा स्वतः जुन्या पद्धतीच्या टोप्या शिवते आहे. तुमच्यासाठीही एक शिवली आहे.

बायबल पाठवायचं नसेल तर निदान जुन्या पानांवरची नावं उतरवून पाठवा. मुलग्यांची पुरेत. घराणं मुलग्यांवरून चालतं, मुलींची गरज नाही.

नेट्टीबद्दल वाईट वाटलं. पण अशा गोष्टी घाईने करायच्या नसतात. तुम्ही कुठेही काही लिहू नका, आणि सोहळा होईपर्यंत तिला केप टाउनला आणू नका. मी योग्य ठिकाणी शब्द टाकीन.

तुमचा आज्ञाधारक,
गिडियन

•

डोर्नक्लूफ
१८ नोव्हेंबर १९५१

गिडियन,

'योग्य ठिकाणी शब्द टाकीन.' मेंढरं पाण्याला नेताना तुझा आजोबा असंच म्हणायचा आणि सावलीत झोपायचा. त्याचं नाव तुला ठेवलं, दुसरं काय होणार होतं!

नावं उतरवायला बसले. मागच्या पानांवरची शाई गवती चहासारखी पिवळी पडलीय आणि माझे डोळे तसेच झालेत, म्हणून नेट्टी वाचत होती आणि मी लिहीत होते. तुला मुली नको होत्या, पण मी मेंढरं मोजणारी बाई आहे. मी नुसते मेंढे मोजत नाही, मेंढ्याही मोजते.

आता ऐक. तू कॉलेजात शिकलास, मी तीन वर्षं शाळेत गेले आणि त्यातलं एक वर्ष गोवरात गेलं. पण मुलांची नावं कशी ठेवायची हे आपल्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो. पहिली मुलगी आईच्या आईचं. दुसरी मुलगी बापाच्या आईचं. यात कोणी चुकत नाही. चुकलं तर म्हातारी दहा वर्षं अबोला धरते. माझ्या सासूने धरला होता.

तुझ्या हेन्ड्रिकला तीन मुलगे. याकोबस, पीटर, आरेंड. तिघांनाही मुली झाल्या. तिघांच्याही दुसऱ्या मुलीचं नाव रोझेट्टा. एकाची असती तर म्हटलं असतं, हौस. पण तिघांची? म्हणजे त्या तिघांच्या आईचं नाव रोझेट्टा होतं. योहाना नव्हे. योहाना नावाची एकही पोर या बायबलात पुढची शंभर वर्षं नाही. हेन्ड्रिकच्या नावापुढे बायकोची जागा आहे, तिथे शाई खरवडून काढलीय. पान उजेडाला धरलं की भोक दिसतं.

नेट्टी म्हणाली, "आजी, मामाने चुकीची बायको लावली हेन्ड्रिकला."

मी म्हटलं, "लावू दे. हेन्ड्रिक कुठे तक्रार करायला येतोय!"

खूप हसलो. या महिन्यात पोर पहिल्यांदा हसली. आता तू सांग, ही रोझेट्टा कोण? आणि तुझी योहाना कुठून उचललीस?

कचेरीतून कागद आलाय. २२ जानेवारीला तालुक्याला नेट्टीची चौकशी आहे. मुलीच्या रक्ताच्या, कमावत्या पुरुष नातेवाइकाची साक्ष लागेल. म्हणजे तू. पणजी म्हणून माझी साक्ष चालेल का, असं विचारलं तर कारकून म्हणाला, "बायकांचं मन मवाळ असतं." त्याने मला मेंढा कापताना पाहिलेलं नाही.

हेस्टर

•

केप टाउन
२८ नोव्हेंबर १९५१

आजी,

हे पत्र हाताने लिहितो आहे, कारण टाइप करणाऱ्या मुलीच्या हातात द्यायचं नाही. वाचून जाळून टाका.

ते पान अजून कोणी पाहिलं आहे? नेट्टीला का वाचायला दिलंत? तिने कोणाला सांगितलं का?

मला रोझेट्टा माहीत आहे. गेल्या वर्षी जुन्या सरकारी दप्तरात सापडली. 'बंगालची रोझेट्टा.' हेन्ड्रिकने तिला एका हॉलंडला परत निघालेल्या जहाजाच्या अधिकाऱ्याकडून विकत घेतलं. नऊ वर्षांनी तिला मुक्त केलं आणि मग लग्न लावलं. तिन्ही मुलगे लग्नाच्या आधीचे आहेत. त्या काळी असं बऱ्याच जणांनी केलं. बायकाच नव्हत्या इथे. समितीतल्या निम्म्या घराण्यांत हेच निघेल, म्हणून कोणी खोलात जात नाही. योहाना दे व्होस खरी आहे, त्याच वर्षांच्या चर्चच्या वहीत आहे. ती लहानपणीच वारली, त्यामुळे तिच्या बाजूचं कोणी विचारायला येणार नाही.

अडीचशे वर्षांत एक बाई, आजी. एक. तेवढ्यासाठी माझी नोकरी, माझ्या मुलांची शाळा, इर्माचं माहेर पणाला लावायचं का? ते पान कापा. कापवत नसेल तर बायबल बंद पाकिटात मला पाठवा. मी हात जोडतो.

गिडियन

•

डोर्नक्लूफ
१२ डिसेंबर १९५१

गिडियन,

पत्र जाळलं नाही. चूल पेटवायला इथे काटक्या पुष्कळ आहेत.

मला किळस कशाची आली ते सांगते. रोझेट्टाची नाही. बाईला जहाजात कोंबून आणलं, विकलं, तिच्याशी नऊ वर्षं हवं ते केलं आणि मग उपकार म्हणून लग्न केलं. त्यात तिचं काय वाईट दिसलं रे तुला? किळस मला त्या हेन्ड्रिकची आली, ज्याला तू दाढीबिढी लावून बैलगाडीवर बसवणार आहेस. दावणीला बांधलेल्या गायीपासून जितराब वाढवावं तसं ज्याने घराणं वाढवलं, तो आपला मूळ पुरुष! आणि एका मेलेल्या पोरीला थडग्यातून ओढून त्याच्या बिछान्यात घातलंस, तीही किळस. अकराबारा वर्षांची असेल ती. लाज नाही वाटली? चर्चच्या वहीत पोरीच्या नावावर बोट ठेवताना?

थोडी माझीही आली. पन्नास वर्षं मी आपल्या घरच्या साराला कॉफी मागच्या दाराला, पत्र्याच्या कपात दिली. माझी बाळंतपणं तिने केली, तुझ्या बापाला तिने अंगावर पाजलं, आणि चिनीमातीच्या कपाला तिचा ओठ लागला असता तर मी तो कप फोडला असता. का, म्हणून कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हे पान वाचल्यावर तिला स्वयंपाकघरात बोलावलं, म्हटलं, बस, या कपात पी. ती म्हणाली, "नको बाई, आता या वयात मला त्या कपाची सवय करायची नाही." आणि मागच्या दाराला जाऊन बसली. बरोबर केलं तिने. मी तिच्या जागी असते तर कॉफी माझ्या तोंडावर फेकली असती.

पान कापणार नाही. त्याच बायबलात पुढे नेट्टीची जन्मनोंद आहे आणि तिची तेवढीच आहे. आणि मीही जन्माची ब्रेडेनहोफच, हे विसरू नकोस. सख्ख्या चुलत्याच्या मुलाशी लग्न केलं, कारण दोन दिवसांच्या वाटेवर दुसरा पुरुष नव्हता, आणि होता त्याला दात नव्हते. तेव्हा तुझ्या हिशेबात रोझेट्टा एकदाच असेल, पण तुझ्या बापात ती दोन्हीकडून आली, आणि म्हणून तुझ्यातही.

आता तुझी योहाना ठेव नाहीतर फेक, मला घेणं नाही. बैलगाडीवर बस, टोपी घाल. मी कोणाला काही सांगणार नाही. पण २२ तारखेला ये. उभा राहा आणि पोरीला भाची म्हण. नेट्टी रोज लिंबाने तोंड घासते आहे. काल गालाचं साल निघालं. मी लिंबाची टोपली मेंढरांपुढे ओतली.

हेस्टर

•

केप टाउन
१५ जानेवारी १९५२

आदरणीय आजी,

नववर्षाच्या शुभेच्छा. मला रजा मिळत नाही. सोहळ्याच्या बैठका रोज आहेत. परंतु माझं लेखी निवेदन मी तालुक्याला थेट पाठवलं आहे. सर्वांचं हित पाहूनच लिहिलं आहे. तिथे ते काय निर्णय देतील तो शांतपणे मान्य करा. वाद घालू नका आणि बायबल कृपया सोबत नेऊ नका.

वाळवलेले पीच मिळाले. मुलांना आवडले.

गिडियन

•

डोर्नक्लूफ
२७ जानेवारी १९५२

गिडियन,

चौकशी झाली. तू नव्हतास, म्हणून सांगते.

तीन पुरुष होते. एक तालुक्याचा साहेब, एक डॉक्टर आणि एक आपल्याच चर्चचा वडीलधारा फेर्मॉइलेन, जो दर रविवारी माझ्यापुढे टोपी काढतो. नेट्टीने तिचा निळा फ्रॉक घातला होता. तिला खिडकीत उभं केलं. डॉक्टरने तिची नखं पाहिली, पापण्या उलटून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या. मग तिच्या केसांत पेन्सिल खोचली आणि म्हणाला, "मान हलव." पेन्सिल पडते की अडकते ते तिघं वाकून बघत होते. मी आयुष्यभर बाजारात गुरं घेतलीत, पण गाईलाही मी आधी जरा थोपटते.

पेन्सिल पडली. मला वाटलं, सुटलो.

मग साहेबाने तुझं निवेदन वाचलं. टाइप केलेलं. 'माझी बहीण सुझाना बाळंतपणात वारली आणि तिचं मूलही तिच्याबरोबरच गेलं. सदर मुलगी घरातल्या मोलकरणीची असून आजीने दयेपोटी वाढवली. आजीचं वय झालं असून तिची स्मृती भरवशाची नाही.'

नेट्टी खिडकीत उभी होती. माझ्याकडे पाहिलंन. "आजी, खरंय का?" म्हणाली. गिडियन, मी एकोणऐंशी वर्षांची आहे. दोन युद्धं, इंग्रजांची एक कैदछावणी आणि तीन पोरांची थडगी पाहिलीत. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

साहेब म्हणाला, "तुमचा नातूच म्हणतो, बाई."

मी म्हटलं, "कोण नातू?"

"गिडियन ब्रेडेनहोफ. केप टाउनचे."

"मला नातू नाही. माझ्या मुलाला, पीटरला, एकच मूल, सुझाना. हा कोण माणूस आहे मला ठाऊक नाही. आणि जो आमच्यातला नाही त्याच्या कागदाला या खोलीत काय किंमत?"

फेर्मॉइलेन खोकला. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला तो हजर होता, केकचे दोन तुकडे खाल्ले होते त्याने. मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहायला लागला. साहेब म्हणाला, शपथेवर सांगाल का? मी सांगितलं. बायबलावर हात ठेवून. कारकुनाने लिहून घेतलं, मी सही केली, शिक्का बसला. देवाच्या पुस्तकावर हात ठेवून आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि खरं सांगू, मला ते खोटं वाटलंही नाही.

तुझा कागद त्यांनी बाजूला सारला. मग तिघं आतल्या खोलीत गेले, कॉफी पिऊन आले आणि म्हणाले, रंगीत. कागदावरून नाही म्हणे, एकंदर दिसण्यावरून.

मी म्हटलं, मग मलाही तेच लिहा. मी हिची पणजी, जन्माने आणि लग्नाने दोन्हीकडून एकाच घरातली. हे बायबल घ्या, उघडा, हिचा जन्म वाचा, आणि मागचं पानही वाचा. साहेब हसला. "बाई, घरी जा. ऊन फार आहे. तुमच्याकडे बघून शेंबडं पोरही सांगेल तुम्ही कोण आहात ते."

ज्या पानासाठी तू ही पोर मारलीस, ते त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. माझं तोंड गोरं, तेवढ्यावर भागलं.

 वाटेत गाडीत खिंड आल्यावर ती म्हणाली, "आजी, मी तुमची नसते तरी तुम्ही मला ठेवलं असतंत का?" खोटं दोनदा बोलवेना. म्हटलं, "ठेवलं असतं, पण मागच्या दाराला."  मग माझ्या मांडीवरचं बायबल घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवलंन, कारण माझे गुडघे दुखतात.

यापुढे मला आजी लिहू नकोस.

हेस्टर ब्रेडेनहोफ

•

केप टाउन
९ मार्च १९५२

आदरणीय आजी,

तुम्ही रागात आहात आणि तो तुमचा हक्क आहे, हे मी मान्य करतो. पण तुम्ही काय करून बसलात याची तुम्हाला कल्पना नाही. त्या वडीलधाऱ्याने तुमच्या शपथेचा कागद इथल्या समितीला कळवला. आता समिती विचारते की पीटर ब्रेडेनहोफ यांना मुलगा नव्हताच तर मी कोण? माझाही जन्म डोर्नक्लूफचा. माझीही नोंद त्या बायबलातच आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

आमचं नाव गाडीवरून काढलं आहे. इर्माचे वडील घरी येत नाहीत. वरिष्ठांनी मला माझी कागदपत्रं मागितली आहेत. इर्मा विचारते, मी कोणाशी लग्न केलं? मुलांना काय सांगू?

मी भ्यालो होतो, आजी. दुसरं काही नाही. माझ्या जागी कोणीही भ्यालं असतं. मी तुमचा नातू आहे असं लिहून द्या आणि ते पान तेवढं पाठवा, माझ्या जन्माचं. मी स्वतः येऊन नेट्टीची माफी मागीन. तिच्या शिक्षणाचंही पाहीन.

तुमचा,
गिडियन

•

डोर्नक्लूफ
२० मार्च १९५२

श्री. ब्रेडेनहोफ,

आपलं पत्र पोचलं. आपण भ्यालात, हे खरं असणार. भ्यालेल्या माणसाची मला शिसारी येत नाही, मीही पुष्कळदा भ्याले आहे. भ्यालेला माणूस स्वतः पळतो. आपण पळताना एका पोरीला लांडग्यांपुढे टाकून पळालात.

आपण मागता तो कागद देता येत नाही. मी शपथ घेतलेली आहे आणि म्हातारीची स्मृती भरवशाची नाही हे आपणच सरकारला कळवलंत. माझ्या नव्या सहीवर आता कोण विश्वास ठेवील?

आपण कोण, असं घरी विचारतात म्हणता. रंगीत लोकांना ते इथे रोजच विचारतात. सवय होते, असं सारा म्हणते.

नेट्टी गुरुवारी जाते आहे. डोंगरापलीकडे मिशनचा दवाखाना आहे, तिथे रंगीत मुलींना दाईचं काम शिकवतात. शिक्षिका व्हायचं होतं तिला, दाई होईल. तिला ते आवडेल असं मी म्हणत नाही. तिने लिंबू लावणं सोडलंय आणि रात्रीचं रडणंही जवळजवळ सोडलंय. सारा तिच्यासाठी पाव भाजते आहे, मी ट्रंकेच्या कड्या बसवते आहे.

आपलं पत्र तिने वाचलं. मी लपवलं नाही. वाचून घडी घातलीन आणि मला म्हणाली, "आजी, तिकडे गेल्यावर मामाला लिहू का?"

मी विचारलं, "कोणाला?"

हेस्टर ब्रेडेनहोफ